दातात धरलेली सोल्डर वायर

रिपेअरिंगच्या कुठल्याही जुन्या दुकानात थोडा वेळ उभं राहा, हे दृश्य दिसणारच. एका हातात सोल्डरिंगचा तापलेला आयर्न, दुसऱ्या हातात चिमट्यात धरलेला पार्ट, आणि जोड द्यायला वितळवतात त्या सोल्डर वायरचं टोक दातात. मान खाली जाते, तोंडातली वायर टाक्यापर्यंत, म्हणजे जोडायच्या जागेपर्यंत पोचते, धुराचा एक बारीकसा झोत थेट नाकाशी येतो आणि मान परत वर. इतकं सफाईदार काम की बघत राहावंसं वाटतं. आमच्या भागात असे एक टीव्ही रिपेअरवाले काका होते, पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीच्या काळातले, आणि त्यांच्या दुकानात मी शाळकरी वयात बराच वेळ टवाळक्या करत बसायचो.

गंमत अशी की हेच काका करंटच्या बाबतीत कमालीचे शिस्तीचे. पायात रबरी चप्पल असल्याशिवाय टीव्हीच्या मागच्या बाजूला जायचे नाहीत. चालू सेटला हात लावायची वेळ आली की डावा हात पाठीमागे, म्हणजे एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जायला करंटला रस्ताच नको. पिक्चर ट्यूबवरच्या त्या रबरी कपाला तर, जिथे वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, सेट बंद करून, प्लग काढून, डिस्चार्ज केल्याशिवाय बोटसुद्धा नाही. आम्हा पोरांना लांब बसवायचे आणि म्हणायचे, "करंट कुणाचा पाव्हणा नसतो रे." आणि हे म्हणताना वायर दातातच.

काका निष्काळजी होते असं नाही ना? उलट आमच्या सगळ्या पेठेत त्यांच्याइतका सावध माणूस नसेल. पण त्यांची सावधगिरी करंटनेच त्यांना शिकवलेली. चूक झाली की जागच्या जागी फटका, तोही लक्षात राहील असा. त्या दातातल्या वायरमधल्या शिशाला ही शिकवायची सवयच नाही. ते बोटावरून, दातावरून पोटात जातं आणि गप्प बसतं, ना चटका ना चव, आणि जे काय करायचं ते वर्षानुवर्षं हाडांत साठत करतं. वायरमधल्या राळेच्या धुराचंही तसंच, पहिली काही वर्षं नुसतं नाक चुरचुरतं. आता हे मला एवढं का आठवलं, तर भाची पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिचं प्रोजेक्ट आहे, आणि "मामाकडे सगळं सामान पडलेलं असतं" या न्यायाने ती आमच्याकडे सोल्डरिंगला येऊन बसायला लागलीये.

तिच्या आधी तिच्या आईचा फोन. म्हणजे माझ्या ताईचा. "त्या धुरात शिसं असतं म्हणे, तिला मास्क दे रे." मी हो म्हटलं. ताईशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

पण खरी गोष्ट वेगळीये आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. बाजारात नेहमीची जी सोल्डर वायर मिळते ती 60/40, म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं. 63/37 घेतली तर ती बरोब्बर 183 अंशाला वितळते, 60/40 त्याच्या जराशी पुढे. आयर्नचं बिट, म्हणजे तापणारं टोक, आपण 350च्या आसपास ठेवतो. आणि शिसं उकळतं 1749 अंशाला! म्हणजे आपल्या टेबलावर शिशाची वाफ होण्याचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. मग तो पांढरा धूर कसला, तर वायरच्या पोटात भरलेल्या फ्लक्सचा. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकायचा तेव्हा जो भपकन पांढरा धूर यायचा तो कथलाचा नव्हता, नवसागराचा होता, तसंच हे. धातूवरचा गंज-मळ काढायला जे लावतो तेच जळून वर येतं.

आपल्या वायरमधला फ्लक्स म्हणजे बहुतेक वेळा रोझीन, आपली राळ. पाइनच्या झाडाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर जे उरतं ते, व्हायोलिनच्या गजाला घासतात तेच. नैसर्गिक आहे, झाडाचं आहे, वासही बरा येतो, काही लोकांना तर आवडतो (मलाही आवडतो, खोटं कशाला बोला). पण ती तापवून तिचा धूर घेणं हे दम्याला आमंत्रण आहे. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने कामामुळे होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांमध्ये रोझीन फ्लक्सचा धूर धरलेला आहे. आणि त्यातली वाईट गोष्ट ही की एकदा का शरीराला त्याची ॲलर्जी बसली की मग पुढे थोडासा धूरही पुरतो, माणसाला ते कामच सोडावं लागू शकतं. म्हणजे ताईचं "मास्क दे" हे बरोबरच होतं, कारण तेवढं चुकीचं. आणि मास्क म्हणजे तो करोनातला कापडी निळा मास्क नाही, त्याने या धुराला काहीही फरक पडत नाही. मास्कपेक्षा धूर नाकाशी येऊच नये हे बघायचं.

इथे आपल्या घरांचा एक खास घोळ आहे तो सांगतो. सोल्डरिंग करायला बसलं की पहिलं काम काय, तर सीलिंग फॅन बंद करणं. का, तर फॅनच्या वाऱ्याने बिट गार होतं, छोटे पार्ट हलतात, टाका नीट बसत नाही. बरोबर आहे ते. पण फॅन बंद झाला की खोलीतली हवा ठप्प, आणि गरम धूर सरळ उभा वर चढतो, आणि त्याच्या बरोब्बर वर कोण, तर बोर्डवर वाकलेलं आपलं तोंड. त्यात चष्म्याचा नंबर वाढला असेल किंवा भिंगाचा दिवा लावला असेल तर आणखी जवळ. पहिल्या दिवशी मी भाचीच्या बाजूला बसून नुसतं बघत होतो, धुराची रेघ सुतासारखी सरळ तिच्या नाकाकडे जात होती आणि ती दर टाक्याला श्वास रोखून धरत होती आणि टाका झाला की मोठ्ठा श्वास घेत होती, म्हणजे नेमका धूर वर पोचायच्या वेळेला.

"अगं श्वास का रोखतेस?"

"हात हलतो ना मामा नाहीतर."

यावर उपाय फार साधा आहे, जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला 12 व्होल्टचा फॅन. तो बोर्डच्या पलीकडे, होईल तितका जवळ, पाठ खिडकीकडे करून ठेवायचा, म्हणजे तो धूर ओढून घेईल. पुष्कळ लोक उलटा ठेवतात, फुंकणारा, त्याने बिट गार होतं आणि धूर नुसता खोलीभर होतो. ओढणारा ठेवायचा, सावकाश फिरणारा, आणि त्याच्या मागे खिडकी उघडी. ऑनलाइन तो काळ्या स्पंजचा छोटा पंखा मिळतो, कार्बन फिल्टर म्हणून विकतात, तो वाईट नाही पण त्या स्पंजाने धूर नाहीसा होतो या भ्रमात राहू नका, त्यात थोडाफार अडकतो, बाकीचा तोंडापासून लांब जातो एवढंच. खिडकीबाहेर गेला तर काम झालं. आणि डोकं थोडं मागे, धुराच्या रेघेच्या बाजूला. भाचीची खुर्ची मी चार बोटं डावीकडे सरकवली, बस, तिला काही सांगावं लागलं नाही.

आता शिसं. वाफ होत नाही म्हणजे शिसं निरुपद्रवी असं अजिबात नाही, ते दुसऱ्या वाटेने येतं. सोल्डर वायर तासभर बोटात धरून काम केलं की बोटांच्या टोकांना राखाडी झाक येते, उजेडात नीट बघितलं तर दिसते. बिट पुसायच्या स्पंजमध्ये मोहरीएवढे चकचकीत गोळे साठतात आणि त्यांच्याबरोबर एक राखाडी भुकटी. सोल्डर पंप, तो खटका दाबून वितळलेलं ओढून घेणारा, उघडून साफ करायला गेलं की त्यातून सगळ्यात जास्त भुकटी पडते, आणि आपण काय करतो, तर फुंकर मारतो. आणि मग त्याच हाताने चहाचा कप, चिवडा, ओठाला लागलेला हात. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट जास्त शोषून घेतात. म्हणजे एकाने केलेल्या सोल्डरिंगचा हिशोब घरात रांगणाऱ्या बाळाला द्यावा लागू शकतो.

आपल्याकडे वेगळं वर्कशॉप कुणाकडे असतं? वन बीएचके, टू बीएचके, सोल्डरिंग होतं ते डायनिंग टेबलवर नाहीतर जमिनीवर पाट मांडून. पार्टच्या कापलेल्या तारेच्या पायांचे तुकडे फरशीवर, आपण घरात अनवाणी, आणि स्पंज धुवायला स्वयंपाकघरातलं सिंक. म्हणून माझ्या मते आयर्न कुठला घ्यायचा याच्या आधी जागा कुठली ते ठरवायला हवं. जेवायचं टेबल नको म्हणजे नको. दुसरी जागाच नसेल तर एक मोठा जुना ट्रे, कडा असलेला, सगळं काम त्या ट्रेच्या आत, आणि काम झालं की ट्रे उचलून माळ्यावर. स्पंज बाथरूमच्या नळाला. झाडूने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं आणि ते फडकं वेगळं. हात साबणाने, नखांसकट. सॅनिटायझरने शिसं जात नाही, ते फक्त पसरतं. भाचीला मी एकच नियम घातला, टेबलावर खाणं नाही, चहासुद्धा नाही, चहा पाहिजे तर आयर्न बंद करून हात धुऊन गॅलरीत जायचं. तिने पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं, पण गॅलरीत मोबाइलला रेंज चांगली येते हे कळल्यावर स्वखुशीने जायला लागली.

आणि ती दातातली वायर. लोक ती दातात का धरतात, तर तिसरा हात नसतो म्हणून. हे हौसेने कुणी करत नाही. तेव्हा "तोंडात धरू नको" असं नुसतं सांगून उपयोग शून्य, काम अडलं की माणूस धरणारच. त्यापेक्षा तिसरा हात लागणारच नाही अशी पद्धत शिकवावी. आधी बोर्डच्या रिकाम्या पॅडवर, म्हणजे तांब्याच्या ठिपक्यावर, थोडं सोल्डर घेऊन ठेवायचं. मग वायर खाली ठेवून द्यायची. आता एका हातात आयर्न, एका हातात पार्ट, पॅडवरचं सोल्डर वितळवायचं, पार्ट त्यात सरकवायचा, आयर्न काढायचा, पार्ट दोन सेकंद हलू द्यायचा नाही. पार्ट धरला गेला. मग निवांत वायर हातात घेऊन दुसरा पाय नीट सोल्डर करायचा आणि पहिल्यावर परत येऊन त्याला थोडं ताजं सोल्डर द्यायचं, नाहीतर तो ड्राय राहतो, म्हणजे जोडलेला दिसतो पण नीट धरत नाही. झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या तयार बोर्डवर, दोन वायरी जोडताना दोन्हीला आधी वेगवेगळं सोल्डर लावून घ्यायचं आणि मग नुसत्या एकमेकींना टेकवून आयर्न लावायचा. एवढं हातात बसलं की तोंडाची गरजच संपते. काकांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं, तेही खरंच.

एक सारखा विचारला जाणारा प्रश्न, मग लेड-फ्री वायर का वापरू नये. वापरावी की, घरात लहान मूल असेल तर जरूर वापरावी. पण त्याने सगळा प्रश्न मिटला असं कुणी समजू नये. युरोपने 1 जुलै 2006 पासून रोह्स हा इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवरचा नियम लागू केला, वस्तूमध्ये शिसं 0.1 टक्क्याच्या वर नको म्हणाले, आणि आपल्याकडच्या ई-कचऱ्याच्या नियमांतही तीच मर्यादा आली, पण त्यामागे मुख्य चिंता होती ती टाकून दिलेल्या मालातलं शिसं माती-पाण्यात जाण्याची. सोल्डरिंग करणाऱ्याच्या नाकाचा विचार त्यात दुय्यम. लेड-फ्री वितळायला 217 अंशाच्या पुढे लागतं, बिट जास्त गरम ठेवावं लागतं, फ्लक्स जास्त तिखट असतो, म्हणजे धूर कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. नवशिक्या हाताला तो टाका निस्तेज दिसतो आणि ड्राय आहे की चांगला आहे तेच कळत नाही, मग तो पुन्हा पुन्हा गरम करतो, पुन्हा धूर. मी भाचीला 63/37 दिली आणि हात धुवायला लावले. हा माझा निर्णय, तुमचा वेगळा असू शकतो.

चटक्याबद्दल फार लिहीत नाही, चटका स्वतःच शिकवतो. फक्त दोन गोष्टी. पडणारा आयर्न झेलायचा नाही. वाचायला सोपं आहे पण हात आपोआप जातो, क्रिकेट खेळलेल्या माणसाचा तर हमखास जातो, त्यामुळे आयर्न पडणारच नाही अशी व्यवस्था करायची, जड स्प्रिंगवालं स्टँड, ज्या हाताने काम करतो त्याच बाजूला, म्हणजे केबल बोर्डवरून आडवी जात नाही, आणि ती टेबलाच्या कडेवरून पायात लोंबता कामा नये. पत्र्याची ती छोटीशी वाकवलेली पट्टी स्टँड म्हणून मिळते ती फेकून द्या, केबल जरा ओढली की आयर्न मांडीवर. आणि भाजलंच तर नळाचं साधं वाहतं पाणी, चांगली पंधरा-वीस मिनिटं, टूथपेस्ट, शाई, हळद यातलं काही नाही, बर्फही नाही. पाच सेकंद पाण्याखाली धरून "झालं" म्हणणारे सगळे आमच्या घरात आहेत.

स्वस्तातल्या 25 वॅटच्या आयर्नला टेम्परेचर कंट्रोल नसतो, लावून ठेवला की तो आपला तापतच राहतो, बिट काळं पडतं, सोल्डर धरत नाही, मग माणूस जोर लावतो आणि पीसीबीचा तांब्याचा ट्रॅक उचलून येतो. हे नुकसान झालं बोर्डाचं. पण त्याच आयर्नचं गरम बिट स्वतःच्याच केबलला टेकलं की प्लॅस्टिक वितळून आत 230 व्होल्टची तार उघडी पडते, आणि ती केबल आपल्या हातात असते. म्हणून दर वेळेला सुरू करायच्या आधी केबलवरून नजर फिरवायची, वितळलेला डाग दिसला तर चिकटपट्टी गुंडाळून चालवायचं नाही, केबल बदलायची. आणि तीन पिनचा प्लग, खरं अर्थिंग असलेल्या बोर्डात. जुना आयर्न लावून त्याच्या लोखंडी नळीला टेस्टर लावून बघा एकदा, मंद पेटलेला दिसला तर बहुतेक आतलं अभ्रकाचं इन्सुलेशन दमलंय. भाचीला हे करून दाखवलं तेव्हा टेस्टर खरंच पेटला, आणि मला वाटतं माझ्या सगळ्या बडबडीपेक्षा त्या नारिंगी ठिपक्याने जास्त काम केलं.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी तिच्या प्रोजेक्टमध्ये नाक खुपसलं. ती एका व्हिडिओवरून सर्किट घेऊन आली होती, विदाऊट ट्रान्सफॉर्मर पॉवर सप्लाय. एक 474 छापलेला 400 व्होल्टचा कपॅसिटर मेन्सला, म्हणजे घरच्या लाइनला, सिरीजमध्ये, चार डायोड, व्होल्टेज बांधून ठेवणारा एक झेनर, झाला 5 व्होल्ट तयार, स्वस्त आणि मस्त. गणित बरोबर आहे त्याचं, त्यातून तीसेक मिलिअँप मिळतात, एखादी एलईडी नाहीतर छोटा मायक्रोकंट्रोलर चालतो. स्वस्तातल्या एलईडी बल्बांत आणि मच्छर मारायच्या बॅटच्या चार्जिंगमध्ये असलंच काहीतरी असतं. पण मल्टीमीटरवर जे 5 व्होल्ट दिसतात ते त्या दोन टोकांमधले, आणि ती दोन्ही टोकं जमिनीच्या हिशोबाने मेन्सवर बसलेली. म्हणजे सेन्सरच्या पिनला हात लावला की थेट लाइनला हात. त्यात आपला दोन पिनचा प्लग कसाही उलटासुलटा लागतो, त्यामुळे आज लावला तेव्हा ग्राउंडची वायर न्यूट्रलवर होती, उद्या तीच फेजवर. काल हात लावला होता, काही झालं नाही, हा पुरावाच धरता येत नाही. बल्बच्या आत, प्लॅस्टिकच्या डबीत, जिथे कुणाचा हात जात नाही तिथे हे सर्किट ठीक. टेबलावर उघडं, विद्यार्थ्याच्या हातात, परीक्षकासमोर, हे मला अजिबात पटत नाही, आणि असे व्हिडिओ टाकणारे लोक शेवटी "काळजी घ्या मित्रांनो" म्हणून मोकळे होतात त्याचा मला मनापासून राग येतो.

"पण मामा, सिरीज लॅम्प लावला की सेफ ना?"

हा गैरसमज मी मुरलेल्या मेकॅनिकांकडूनही ऐकलाय. शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकला की सर्किटमध्ये शॉर्ट असला तरी फ्यूज उडत नाही, नुसता बल्ब फुल पेटतो, फार उपयोगी चीज आहे, माझ्या टेबलावर कायम असते. पण ती वाचवते सर्किटला. तो बल्ब जवळजवळ अर्ध्या अँपिअरपर्यंत करंट जाऊ देतो, आणि माणसाच्या छातीतून त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट गेला तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. माणसासाठी जी गोष्ट लागते ती म्हणजे 30 मिलिअँपची आरसीसीबी, करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, मीटरच्या बोर्डात. नव्या बिल्डिंगांत असते, जुन्या वाड्यांत आणि चाळींत बहुतेक नसते, इलेक्ट्रिशियनला सांगून बसवून घ्यावी, सोल्डरिंग करत नसाल तरी.

अशीच अजून एक गोष्ट, मोबाइल रिपेअरवाले मनगटाला जो पट्टा बांधतात, स्टॅटिकने, म्हणजे अंगावर साठलेल्या चार्जने, आयसी (चिप) उडू नये म्हणून. त्याच्या वायरमध्ये एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो. तो का, तर स्टॅटिक जायला एवढा रस्ता पुरतो, पण चुकून फेजला हात लागला तर करंट 0.23 मिलिअँपच्या वर जाऊ शकत नाही. आणि जुगाड करणारे काय करतात, तर मनगटाला तांब्याची उघडी तार गुंडाळून थेट अर्थिंगला. म्हणजे स्वतःलाच अर्थला बांधून घ्यायचं आणि मग दुसऱ्या हाताने चालू सर्किट चाचपायचं. आयसी वाचेल कदाचित.

बंद पडलेला कॉम्प्युटरचा सप्लाय उघडताना पण उलटा हिशोब असतो. चालू सप्लाय बंद केला की त्याचा मोठा कपॅसिटर, ज्याच्यावर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात, सर्किटच आपलं आपण रिकामा करतं. सप्लाय मेलेला असेल तर आत करंट ओढणारं कुणी उरलेलंच नसतं, आणि डिस्चार्जचा रेझिस्टरही गेला असेल तर तो तसाच भरलेला बसून राहतो. म्हणजे बिघडलेला जास्त धोक्याचा. प्लग काढायचा, मीटर डीसी व्होल्टवर लावून बघायचं, मग दोनेक किलोओहमचा जाड, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर, त्याचे पाय इन्सुलेटेड चिमट्यात धरून, काही सेकंद, आणि परत मीटर. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची जी मर्दुमकी चालते त्याने फाटकन ठिणगी उडते, ड्रायव्हरचं टोक वितळतं, ट्रॅक उडतो, आणि एखाद्या दिवशी तो वितळलेला कण डोळ्यात. मायक्रोवेव्ह मात्र घरी उघडायचाच नाही. त्यावर चर्चा नाही.

बाकीचं भराभर सांगतो. कटरने पार्टचे पाय कापताना तुकडा टिक करून उडतो तो गोळीसारखा जातो, त्यामुळे कापताना पायाच्या टोकावर बोट ठेवायचं, आणि चष्मा नसेल तर साधा गॉगल, प्लॅस्टिकचा, पारदर्शक. बोर्ड साफ करायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा थिनर वापरता तेव्हा आयर्न बंद आणि लांब, आयपीएची वाफ बारा-तेरा अंशालाच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. ग्लास इपॉक्सीच्या बोर्डला ड्रिल मारलं की जी पांढरी भुकटी पडते त्यात काचेचे तंतू असतात, ती फुंकायची नाही, ओल्या कागदाने टिपायची. लॅपटॉपच्या बॅटरीतल्या त्या गोल सेलला थेट सोल्डरिंग करायचं नाही, आतला पडदा 130 अंशाच्या आसपासच वितळायला लागतो आणि आपण बाहेरून साडेतीनशेचं बिट टेकवतो, तयार निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेले सेल मिळतात, ते घ्यायचे.

फेरिक क्लोराइडला, म्हणजे बोर्डवरचं नको ते तांबं खाऊन टाकणाऱ्या रसायनाला, मात्र थोडी जागा द्यायला हवी, कारण कॉलेजं अजून घरी पीसीबी करून आणायला सांगतात. चकचकीत कागदावर लेझर प्रिंट, ती कॉपर क्लॅडवर, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या बोर्डवर, इस्त्रीने दाबायची (इस्त्री घरातलीच, त्यावरून होणारं भांडणही घरातलंच), आणि मग त्या तपकिरी पाण्यात बोर्ड हलवत बसायचं. ते पाणी प्लॅस्टिकच्या डब्यात, ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर कधीच नाही, त्यात भयंकर तापतं आणि उसळतं. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात थोडे थोडे खडे टाकायचे, खड्यांवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे, खिडकी उघडी, स्टीलच्या सिंकपासून लांब, कारण तो पिवळा डाग आणि पडलेले खड्डे जात नाहीत. वापरून झालेल्या पाण्यात तांबं असतं, ते मोरीत ओतलं की नदीत. धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकत राहायचा, फसफसतं, गाळ खाली बसतो, तो गाळ सुकवून पिशवीत बांधून घरगुती घातक कचऱ्यात वेगळा द्यायचा, बॅटऱ्या-ट्यूबलाइट देतो त्यात. भाचीला म्हटलं, त्यापेक्षा झिरो पीसीबीवर कर, नाहीतर बोर्ड ऑनलाइन बनवून मागव. सर ऐकले नाहीत, म्हणून एकदा केलंच हे सगळं, गॅलरीत.

पण पॉवर सप्लायच्या बाबतीत सरांनी ऐकलं. 5 व्होल्टच हवेत ना, मग बीआयएसचा मार्क आणि आर नंबर छापलेला चांगल्यातला मोबाइल चार्जर घ्यायचा आणि त्याची केबल कापून बोर्डला लावायची, आत ट्रान्सफॉर्मर असतो, मेन्स आणि आपण यांच्यात फारकत. बोर्डात त्या 474च्या कपॅसिटरची गरज उरली नाही आणि तिथे तिने एक जास्तीची एलईडी बसवलीये, कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या शनिवारी आम्ही पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, जाणार आहोत, तिला स्वतःचा आयर्न घ्यायचाय. टेम्परेचर कंट्रोलवाला, तीन पिनचा, सिलिकॉनच्या केबलचा मिळतो का बघायचा, आणि जड स्टँड वेगळं. दुकानदार आयर्नबरोबर ती पत्र्याची पट्टी फुकट देईलच, ती घ्यायची नाही असं मी तिला आत्तापासून बजावून ठेवलंय.